हाड नेमके कोठे वाढते? हाडांच्या घडणीच्या शैक्षणिक संचाचे परीक्षण

नवजात बालकाच्या मांडीच्या हाडावर, बरोबर मध्यभागी, एकमेकींपासून दोन सेंटीमीटर अंतरावर दोन खुणा केल्या आणि ते बालक पूर्ण वाढीचे झाल्यावर पुन्हा मोजमाप घेतले, तर त्या खुणांमधील अंतर किती भरेल? शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मी दरवर्षी या प्रश्नाने सुरुवात करतो. हाड रबरासारखे सगळीकडून ताणले जात असावे असे गृहीत धरून बहुतेक विद्यार्थी आठ, दहा किंवा बारा सेंटीमीटर असे उत्तर देतात. खरे उत्तर दोन सेंटीमीटर आहे. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी कोंबडीच्या पिलाच्या पायाच्या हाडाला दोन भोके पाडून हे तपासले होते आणि १७२७ साली ते प्रसिद्ध केले होते. हाड लांब झाले, भोकांमधील अंतर मात्र होते तेवढेच राहिले. हाडांच्या घडणीविषयीचे कोणतेही साधन मी या प्रश्नाच्या कसोटीवर पारखतो. ते हाताळल्यावर विद्यार्थ्याला हे उत्तर कोणी न सांगता सापडले पाहिजे.

येथे ज्या संचाविषयी लिहीत आहे, तो मी सलग दोन वर्षे वर्गात वापरला आहे. निर्मात्याचे नाव देत नाही, कारण अशा स्वरूपाचे संच अनेक ठिकाणी तयार होतात, त्यांची रचना बरीच सारखी असते आणि मी ज्या उणिवा सांगणार आहे त्या एकाच संचापुरत्या नाहीत. संचात मांडीच्या हाडाच्या वाढत्या वयाच्या सात प्रतिकृती आहेत. त्याखेरीज वाढपट्टीचा, म्हणजे ग्रोथ प्लेटचा, हातभर उंचीचा उभा छेद, नवजात बालकाची सुटी होणारी कवटी, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या बारा काचपट्ट्या, हाताच्या पंजाच्या आठ एक्स-रे फिल्म, भिंतीवर लावण्याचा एक तक्ता आणि एक मार्गदर्शक पुस्तिका आहे. माझे मत आधीच सांगतो. वाढपट्टीची प्रतिकृती आणि कवटी यांसाठी हा संच घ्यावा. तक्ता भिंतीवर लावू नये. पुस्तिका शिक्षकाने आधी वाचून, दुरुस्त करून मगच विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी.

वाढपट्टीपासून सुरुवात करणे रास्त आहे, कारण संचातील सर्वांत विचारपूर्वक केलेली वस्तू हीच आहे. लांब हाडाच्या टोकाजवळ, टोकाचा भाग आणि दांडा यांच्या मध्ये, वाढीच्या वयात कूर्चेची, म्हणजे लवचीक कार्टिलेजची, एक पातळ चकती असते. तिच्यातील पेशी रुपयांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या दिसतात. सर्वांत वर, म्हणजे टोकाच्या बाजूला, राखीव पेशींचा थर असतो. त्याखाली भराभर विभागणाऱ्या चपट्या पेशींचा. त्याखाली फुगलेल्या पेशींचा. आणि सर्वांत खाली, दांड्याच्या बाजूला, ज्या कूर्चेत चुन्याचे क्षार साठले आहेत आणि जिच्यात रक्तवाहिन्या शिरू लागल्या आहेत असा थर असतो. पाठ्यपुस्तकातील आकृती हे चार थर दाखवून थांबते आणि विद्यार्थी त्यांची नावे क्रमाने पाठ करतो. पेशी खाली सरकत जातात, असा चुकीचा ग्रह त्याच्या मनात तेव्हाच रुजतो. प्रत्यक्षात पेशी जवळजवळ आपल्या जागीच राहते आणि चकती तिला मागे टाकून पुढे जाते. वर नव्या पेशी तयार होत असतात, खालची कूर्चा नाहीशी होऊन तेथे हाड येत असते, आणि या दोन्ही घटना सारख्या वेगाने घडत असल्यामुळे चकतीची जाडी फारशी न बदलता ती सबंध चकती दांड्यापासून दूर सरकत राहते.

या प्रतिकृतीत नेमके हेच करून दाखवले आहे. मागच्या पाटीवर एक लाल मणी पक्का बसवलेला आहे आणि चार थरांची पारदर्शक चौकट त्याच्यावरून वर सरकवता येते. चौकट हळूहळू वर नेली की तोच मणी आधी राखीव थरात, मग विभाजनाच्या थरात, मग फुगलेल्या थरात येतो आणि शेवटी चौकटीच्या खाली, हाडाच्या प्रदेशात राहून जातो. मणी हललेला नसतो. विद्यार्थ्याने एकदा स्वतःच्या हाताने ही चौकट सरकवली की खुणांच्या प्रश्नाचे उत्तर त्याला सांगावे लागत नाही. दांड्याच्या मध्यभागी केलेल्या खुणा दोन्ही चकत्यांनी केव्हाच मागे टाकलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यातील अंतर वाढण्याचा प्रश्नच येत नाही, हे तो आपणहून बोलून दाखवतो. इतक्या साध्या युक्तीने इतकी अवघड कल्पना समजावणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही.

फुगलेल्या पेशींचा आकारही येथे प्रमाणात दाखवला आहे, याचे मला विशेष कौतुक वाटते. विभाजनाच्या थरातील चपटी पेशी फुगून तिचे आकारमान सुमारे दहा पट होते, आणि हाडाच्या लांबीतील वाढीचा मोठा वाटा पेशींच्या संख्येपेक्षाही या फुगण्यातून येतो. बहुतेक प्रतिकृतींत हे थर जवळजवळ एकाच मापाच्या गोळ्यांनी भरलेले असतात, त्यामुळे लांबी कोठून मिळते हेच हरवून जाते. मुडदूस झालेल्या मुलाच्या मनगटाची आणि गुडघ्याची टोके रुंद व पसरट का होतात, हेही याच थरावर बोट ठेवून सांगता येते. ड जीवनसत्त्वाच्या अभावी शरीराला पुरेसे कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळत नाही, फुगलेल्या पेशी वेळेवर नाहीशा होत नाहीत, तेथे क्षार साठत नाहीत, आणि मऊ कूर्चेचा थर नको तेवढा जाड होत जातो. संचासोबत मुडदुसासाठी बदलता येणारी दुसरी चौकट दिली असती तर फार बरे झाले असते. मी ती जाड प्लास्टिकच्या पारदर्शक कागदावर काढून घेतली आहे.

आता तक्ता. त्यावर चार चित्रे आहेत आणि प्रत्येक चित्रापासून पुढच्या चित्राकडे बाण आहे. खाली ठळक अक्षरांत लिहिले आहे, ‘कूर्चेचे हाडात रूपांतर’. हे वाक्य अनेक शालेय पुस्तकांतही आढळते आणि ते दिशाभूल करणारे आहे. कूर्चा कडक होत होत हाड बनत नाही. भ्रूणाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास हातापायांच्या कोंबात जी कूर्चा तयार होते, ती भावी हाडाचा साचा असते. त्या साच्याच्या कमरेभोवती, सातव्या ते आठव्या आठवड्यात, हाडाचे पातळ वेष्टण तयार होते. आतील कूर्चापेशी फुगतात, त्यांच्या भोवती क्षार साठतात, आणि मग बाहेरून रक्तवाहिन्या आत घुसतात. त्या रक्तवाहिन्यांबरोबर दोन प्रकारच्या पेशी येतात: कूर्चा खरवडून काढणाऱ्या आणि नवे हाड रचणाऱ्या. क्षार साठलेल्या कूर्चेच्या उरलेल्या भिंतींचा आधार घेऊन ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड घडवणाऱ्या पेशी, त्यावर हाडाचा थर देतात, आणि पुढे त्या भिंतीही काढून टाकल्या जातात. इमारत उभी राहिल्यावर परांची उतरवतात तसा हा प्रकार आहे. परांचीच्या बांबूंची इमारत झाली असे कोणी म्हणत नाही.

येथे एक बारकावा प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. फुगलेल्या सर्वच कूर्चापेशी मरतात, असे दीर्घकाळ शिकवले गेले आणि मीही तसेच शिकवत आलो. २०१४ साली उंदरांवरील संशोधनातून असे दिसून आले की त्यांपैकी काही पेशी तगून राहतात आणि हाड घडवणाऱ्या पेशींमध्ये बदलतात. म्हणजे एखाद्या पेशीच्या बाबतीत रूपांतर हा शब्द लागू पडू शकतो. ऊतीच्या बाबतीत मात्र जुनी काढून नवी बसवणे हेच वर्णन योग्य आहे. तक्त्याच्या निर्मात्याने हा भेद लक्षात घेऊन ते वाक्य लिहिले असावे असे चित्रांवरून अजिबात वाटत नाही, कारण तिसऱ्या चित्रात रक्तवाहिनीच दाखवलेली नाही. रक्तवाहिनीवाचून ही सगळी घडामोड समजणे शक्य नाही. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, हाड त्यांच्याशिवाय जगत नाही, आणि एकीची जागा दुसरे घेते ते रक्त पोहोचल्यानंतरच.

मांडीच्या हाडाच्या सात प्रतिकृतींपैकी पहिल्या तीन भ्रूणावस्थेतील असून मोठ्या करून दाखवल्या आहेत: सातव्या आठवड्यातील निव्वळ कूर्चेचा साचा, आठव्या आठवड्यातील वेष्टण आलेला साचा आणि बाराव्या आठवड्यातील, दांडा हाडाचा झालेले पण दोन्ही टोके अजून कूर्चेची असलेले हाड. उरलेल्या चार, म्हणजे जन्मवेळची, एक वर्षाची, दहा वर्षांची आणि प्रौढ व्यक्तीची, मूळ आकाराच्या आहेत. सात-आठ सेंटीमीटरचे जन्मवेळचे हाड आणि सुमारे पंचेचाळीस सेंटीमीटरचे प्रौढ हाड शेजारी शेजारी ठेवले की वर्गात क्षणभर शांतता पसरते. कूर्चा निळ्या आणि हाड लाल रंगात दाखवले आहे. प्रयोगशाळेत भ्रूणाचा सांगाडा रंगवताना ॲल्शियन ब्लूने कूर्चा निळी आणि ॲलिझरिनने हाड लाल होते. रंगांची निवड त्याला धरून केलेली असल्यामुळे पुढे खरा नमुना पाहताना विद्यार्थ्याचा गोंधळ होत नाही.

मात्र चौथ्या प्रतिकृतीत एक चूक आहे आणि ती किरकोळ नाही. जन्मवेळच्या हाडाचे खालचे टोक, म्हणजे गुडघ्याकडील टोक, येथे संपूर्ण निळे दाखवले आहे. वस्तुतः या टोकात अस्थीभवनाचे दुय्यम केंद्र, म्हणजे दांड्याखेरीज टोकाच्या कूर्चेत स्वतंत्रपणे हाड तयार होऊ लागण्याची जागा, जन्मापूर्वीच्या शेवटच्या काही आठवड्यांत दिसू लागते. पूर्ण दिवस भरलेल्या अर्भकात ते सामान्यतः असते, आणि न्यायवैद्यकशास्त्रात गर्भ पूर्ण दिवसांचा होता की नाही हे ठरवताना याच केंद्राचा आधार घेतला जातो. शरीरातील बहुतेक सर्व लांब हाडांची दुय्यम केंद्रे जन्मानंतर उगवतात. जन्माआधी दिसणारे हे ठळक केंद्र नेमके वगळले गेले, हे पाहून वाईट वाटते. मी त्या जागी लाल रंगाचा एक ठिपका दिला आहे. एक वर्षाच्या प्रतिकृतीत खुब्याकडील गोलाच्या आतले केंद्र बरोबर दाखवले आहे, आणि दहा वर्षांच्या प्रतिकृतीत खुब्याजवळचा मोठा उंचवटाही आपले स्वतंत्र केंद्र घेऊन आलेला दिसतो. ज्या टोकात केंद्र सर्वांत आधी उगवते, ते टोक दांड्याशी सर्वांत शेवटी जोडले जाते, हा नियम मांडीच्या हाडात फार स्वच्छ दिसतो. गुडघ्याकडील टोक आधी सुरू होते, शेवटपर्यंत वाढत राहते, आणि या हाडाच्या लांबीतील वाढीचा सुमारे सत्तर टक्के वाटा तेच उचलते. लहान मुलाच्या गुडघ्याजवळ मोडलेल्या हाडाकडे अस्थिरोगतज्ज्ञ इतक्या काळजीने का पाहतात, ते या एका आकड्यावरून कळते.

कवटीची प्रतिकृती हा संचाचा दुसरा बळकट भाग आहे. कवटीच्या छताची हाडे कूर्चेच्या साच्याशिवाय, थेट पातळ पडद्यातून तयार होतात, तर कवटीच्या बुडाची हाडे बहुतांशी कूर्चेतून. निर्मात्याने छत पिवळ्या आणि बूड हिरव्या रंगात दाखवून हा भेद एका नजरेत आणला आहे. हाडांच्या दरम्यानचे सांधे लवचीक पट्ट्यांनी जोडलेले आहेत, त्यामुळे प्रसूतीच्या वेळी छताची हाडे एकमेकांवर थोडी सरकून डोक्याचा आकार कसा तात्पुरता लहान होतो, हे हाताने दाबून दाखवता येते. सहाही टाळू दाखवल्या आहेत. पुढची टाळू, जी दीड वर्षाच्या आसपास भरते, तिच्यावर आयांचा हात नेहमीच जातो. मागची टाळू दोन-तीन महिन्यांतच भरून येते आणि बाजूच्या चार तर अनेकांना ठाऊकच नसतात. एकच उणीव सांगायची तर हाडांच्या कडा गुळगुळीत केल्या आहेत. खऱ्या नवजात कवटीत पार्श्व हाडाच्या मध्यबिंदूपासून कडेपर्यंत सूर्यकिरणांसारख्या हाडाच्या बारीक काड्या पसरलेल्या दिसतात आणि वाढ कोठून सुरू होऊन कोणत्या दिशेने चालली आहे हे त्या काड्याच सांगतात. येथे तो सगळा पृष्ठभाग घासून सपाट केला आहे.

या दोन रंगांमुळे एक असा धडा देता येतो, ज्याचा पुस्तिकेत उल्लेखही नाही. अकॉन्ड्रोप्लेझिया या विकारात एफजीएफआर-३ नावाच्या जनुकातील बदलामुळे वाढपट्टीतील पेशींची वाढ मंदावते. या जनुकाचा या विकाराशी असलेला संबंध १९९४ साली उघड झाला. अशा व्यक्तीचे हातपाय आखूड राहतात, कवटीचे बूडही लहान राहते, पण पडद्यातून वाढणारे छत मेंदूबरोबर व्यवस्थित वाढत जाते आणि त्यामुळे कपाळ पुढे आलेले, डोके शरीराच्या मानाने मोठे दिसते. याच्या उलट क्लायडोक्रेनियल डिस्प्लेझिया या विकारात आरयूएनएक्स-२ या जनुकात बिघाड असतो. टाळू वर्षानुवर्षे भरत नाहीत आणि गळ्याखालचे आडवे हाड, म्हणजे कॉलरबोन, अपुरे असते किंवा नसतेच, त्यामुळे काही रुग्णांना दोन्ही खांदे छातीसमोर जवळजवळ एकमेकांना टेकवता येतात. पिवळ्या आणि हिरव्या भागांवर बोट ठेवत हे दोन्ही विकार समजावून सांगितले की हाड घडण्याचे दोन मार्ग ही केवळ वर्गीकरणाची सोय नव्हे, हे विद्यार्थ्यांना मनापासून पटते. कॉलरबोनची एकही प्रतिकृती संचात नसावी हे मात्र खटकते. मानवी भ्रूणात सर्वांत आधी, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, हाड तयार होऊ लागते ते तेथे, आणि त्याचे छातीकडील टोक पूर्णपणे जोडले जाते ते विशी ओलांडल्यानंतर, बहुधा पंचविशीच्या आसपास, जेव्हा इतर लांब हाडांची वाढ केव्हाच थांबलेली असते. सर्वांत आधी सुरू होणारे आणि सर्वांत उशिरा पूर्ण होणारे हाड वगळण्याचे कारण कळत नाही.

काचपट्ट्यांविषयी थोडक्यात. गर्भाच्या बोटाचा उभा छेद उत्तम आहे. एकाच पट्टीवर तीन हाडे आणि प्रत्येकाच्या वाढीच्या वेगवेगळ्या पायऱ्या दिसतात. प्रौढ हाडाचा घासून पातळ केलेला आडवा छेदही चांगला आहे. ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड विरघळवणाऱ्या पेशी, दाखवण्यासाठी दिलेली पट्टी मात्र इतकी जाड कापली आहे की पेशीतील अनेक केंद्रके मोजणे दूरच राहिले, पेशीची कडही नीट दिसत नाही. ही पट्टी बदलून मागितली तेव्हा त्याच कापातील दुसरी आली.

एक्स-रे फिल्म स्वच्छ आहेत आणि मनगटाची हाडे एकामागून एक कशी प्रकट होतात ते त्यांत छान दिसते. जन्मवेळी मनगटाच्या आठही हाडांच्या जागी साधारणतः केवळ कूर्चा असते, जी एक्स-रेमध्ये दिसत नाही, म्हणून त्या फिल्ममध्ये बोटे आणि मनगट यांच्या मध्ये रिकामी जागा दिसते. पहिली दोन हाडे काही महिन्यांत उमटतात आणि वाटाण्याएवढे आठवे हाड दहा वर्षांच्या अलीकडे-पलीकडे. परंतु आठपैकी एकाही फिल्मवर ती मुलाची आहे की मुलीची आहे याची नोंद नाही. हाडांचे वय ठरवण्याच्या कामात ही नोंद नसेल तर फिल्म निरुपयोगी ठरते, कारण मुलींची हाडे मुलांच्या तुलनेत लवकर परिपक्व होतात आणि पौगंडावस्थेत हा फरक सुमारे दोन वर्षांचा असतो. तेरा वर्षे असे लिहिलेल्या फिल्मवरून माझ्या वर्गात दोन गटांत झालेला वाद आम्हाला सोडवताच आला नाही.

पुस्तिकेतील संप्रेरकांचे प्रकरण पुन्हा लिहावे लागेल. मुलींमध्ये इस्ट्रोजेन आणि मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन वाढपट्ट्या बंद करते, असे त्यात म्हटले आहे. हा समज जुना आहे. १९९४ साली अशा एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली, ज्याच्या शरीरात इस्ट्रोजेन ग्रहण करणारी यंत्रणाच निकामी होती. त्याचे टेस्टोस्टेरॉन पुरेसे होते, वय अठ्ठावीस होते, उंची २०४ सेंटीमीटर होती, आणि वाढपट्ट्या अद्याप उघड्या असल्यामुळे तो अजूनही वाढत होता. पुरुषांतही वाढपट्टी बंद होण्यासाठी इस्ट्रोजेनच लागते आणि ते टेस्टोस्टेरॉनपासूनच शरीरात तयार होते, हे त्यातून स्पष्ट झाले. तीन दशकांपूर्वीची ही गोष्ट नव्याने छापलेल्या पुस्तिकेत नसावी हे क्षम्य मानता येत नाही. पुस्तिकेत बाकी बरेच काही चांगले आहे. जन्मवेळी असलेले तीनशेच्या आसपास सुटे भाग जोडले जाऊन २०६ हाडे कशी होतात याची यादी काळजीपूर्वक केली आहे, आणि कानातील तीन चिमुकली हाडे जन्मवेळीच प्रौढ आकाराची असतात ही सुंदर माहितीही तेथे आहे.

प्रतिकृतींचे प्लास्टिक टिकाऊ आहे, रंग दोन वर्षांत फिकट झालेले नाहीत. कवटीच्या लवचीक पट्ट्या मात्र सैल पडू लागल्या आहेत आणि त्या वेगळ्या मिळत नाहीत.

सर्वांत मोठी त्रुटी मी शेवटासाठी राखून ठेवली आहे, कारण ती एखाद्या वस्तूत नाही, सबंध संचाच्या मांडणीत आहे. येथे लांबी आहे, जाडी नाही. अभ्यासक्रमात मी दुसरा प्रश्न विचारतो तो असा: एक वर्षाच्या मुलाच्या मांडीच्या हाडाभोवती, दांड्याच्या मध्यभागी, तारेचे घट्ट कडे बसवले आणि मूल प्रौढ झाल्यावर ते शोधले, तर कडे कोठे सापडेल? फ्रान्समधील द्युआमेल द्यु मोन्सो यांनी १७४०च्या सुमारास वाढत्या प्राण्यांच्या हाडांभोवती चांदीची कडी बसवून हाच प्रयोग केला, आणि काही काळाने कडी हाडाच्या आत, मज्जेच्या पोकळीशी सापडली. हाड फुगत असल्याने असे होते असा त्यांचा कयास होता. पुढे इंग्लंडमधील शल्यवैद्य जॉन हंटर यांनी मंजिष्ठेच्या जातीची वनस्पती खाऊ घातलेल्या डुकरांची लाल झालेली हाडे तपासून खरी गोष्ट मांडली. हाडाच्या बाहेरच्या आवरणाखाली नवे हाड थरांवर थर चढत असते आणि त्याच वेळी आतील बाजूने जुने हाड विरघळवले जात असते. कडे जागचे हलत नाही. त्याच्या बाहेर हाड साठते, त्याच्या आतले हाड नाहीसे होते. हे विरघळवणे झाले नाही तर काय होते, ते ऑस्टिओपेट्रोसिस या विकारात दिसते. ऑस्टिओक्लास्ट पेशी नीट काम करत नाहीत, मज्जेची पोकळी भरून जाते, रक्त तयार होण्यास जागा उरत नाही, आणि दगडासारखे घट्ट झालेले हाड उलट सहज मोडते. हाडाच्या घडणीत काढून टाकण्याचे काम रचण्याइतकेच मोलाचे आहे, आणि वाढ थांबल्यावरही ते थांबत नाही; प्रौढ सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी काढून नव्याने घातला जातो. सात प्रतिकृती, बारा काचपट्ट्या आणि एक भला मोठा तक्ता असलेल्या संचात या अर्ध्या कथेला मिळालेली जागा म्हणजे ती एक जाड कापलेली काचपट्टी.

सुदैवाने संचातील एका चांगल्या निर्णयामुळे ही उणीव शिक्षकाला स्वतः भरून काढता येते. शेवटच्या चार प्रतिकृती मूळ आकाराच्या आहेत आणि प्रौढ हाडाची प्रतिकृती मधोमध आडवी कापलेली आहे, आतील पोकळी दिसावी म्हणून. मी तांब्याच्या बारीक तारेचे एक कडे वळवून घेतले आहे, जे एक वर्षाच्या प्रतिकृतीच्या दांड्यावर अगदी घट्ट बसते. विद्यार्थी उत्तरे देऊन झाली की मी ते कडे काढतो आणि त्यांच्यापैकी एकाला प्रौढ हाडाच्या प्रतिकृतीवर ठेवायला सांगतो. तो आधी बाहेरून चढवून पाहतो. कडे अर्थातच बसत नाही. मग तो प्रतिकृतीचे दोन तुकडे वेगळे करतो, कापलेल्या तोंडाकडे पाहतो, आणि कडे अलगद मज्जेच्या पोकळीत सोडतो.